पक्षी बघावेत, पण उडवू नयेत



आपल्या नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर हे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. नद्यांनी आणलेला गाळ तेथे वर्षानुवर्षे साचत गेला. पाणी उथळ झाले, मधे मधे बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या. मासे, किडे, शंख-शिंपले भरपूर झाले. मग पक्षी येणारच की! १९८६ साली सरकारने या जागेला अभयारण्य केले. २०२० साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचे नाव गेले. महाराष्ट्रातून या यादीत गेलेली ही पहिलीच जागा.

हळदीकुंकू बदक तेथे बाराही महिने दिसते. त्याच्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. थंडीत मात्र दूरचे पाहुणे येतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे हिमालयापलीकडून येतात. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट असते. तिच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. त्यातून तो पाणी गाळतो आणि बारीक किडे खातो.

हे पाहुणे मौजेसाठी येत नाहीत बरे! त्यांच्या देशात हिवाळ्यात पाणी गोठते आणि खायला मिळत नाही. उन्हाळा लागला की त्यांना परत हजारो मैल जायचे असते. त्याआधी पोटभर खाऊन ते अंगात चरबी साठवतात. ही चरबी म्हणजे त्यांची वाटेची शिदोरी.

आता काही लोक काय करतात? थवा उडताना फोटो छान येतो म्हणून टाळ्या वाजवतात, खडे मारतात. "एकदा उडाला तर काय बिघडलं?" असे म्हणतात. पण सुट्टीच्या दिवशी एक मंडळी गेली की दुसरी येते. प्रत्येकाने एकदाच उडवले तरी पक्षी दिवसभर उडतच राहील. उडताना शिदोरी खर्च होते आणि खायचा वेळही जातो. म्हणजे तोटा दोन्हीकडून.

पक्षी घाबरला हे ओळखायचे कसे? सोपे आहे. आधी तो खाणे थांबवतो आणि मान उंच करतो. मग पोहत किंवा चालत लांब सरकतो. शेवटी उडतो. त्याने मान उंच केली की आपण तिथेच थांबायचे आणि हळूच मागे यायचे. तो पुन्हा खाऊ लागला की समजावे, आपले अंतर बरोबर आहे.

आणखी या गोष्टी पाळाव्यात :

१) सकाळी लवकर जावे. भडक कपडे घालू नयेत.

२) मोबाईलवर गाणी लावू नयेत. हाका मारू नयेत.

३) जवळ जाण्यापेक्षा मनोऱ्यावरून दुर्बिणीने बघावे.

४) शेव, चिवडा, पाव टाकू नये. ते पक्ष्यांचे अन्न नव्हे. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरी परत आणाव्यात.

५) गाईड सांगतील ते ऐकावे. त्यांना "अजून जवळ न्या" असा आग्रह करू नये.

६) संक्रांतीला, म्हणजे पाहुणे येथे असतानाच, आपण पतंग उडवतो. नायलॉनच्या मांज्याने पक्ष्यांचे पंख कापतात. त्यावर बंदी आहे. साधा दोरा वापरावा आणि तुटलेला दोरा गोळा करावा.

अभयारण्यात जायलाच हवे असे नाही. आपल्या शिवारातली टिटवी घ्या. ती उघड्या जमिनीवरच अंडी घालते. अंडी खड्यांसारखी दिसतात, पटकन ओळखू येत नाहीत. उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, म्हणजे ती थंड राहतात. आपण तिथे घोळका करून उभे राहिलो, तर ती वर ओरडत फिरते आणि खाली अंडी उन्हात तापतात. ती ओरडू लागली की तिला शिव्या देऊ नका, वाट बदला. अंड्यांना हात लावणे तर गुन्हाच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तसे सांगितले आहे.

पालकांना एक विनंती. पोरं मोठ्यांचे बघूनच शिकतात. आपण खडा उचलला नाही, तर तीही उचलणार नाहीत.

आपण आलो कधी आणि गेलो कधी, हे पक्ष्याला कळलेच नाही, तर समजावे की आपल्याला पक्षी बघता येतात!