अनेक औषधे, एक रोगी

एका विकारावर एक औषध, हा हिशेब सोपा आहे. परंतु वयाबरोबर विकार वाढतात व औषधेही वाढतात. ५ किंवा अधिक औषधे नियमित घेणे, यास सामान्यतः ‘बहु-औषधसेवन’ म्हणतात. औषधे २ असली तर त्यांची जोडी एकच होते. ५ असली तर १० जोड्या होतात आणि ८ असली तर २८. प्रत्येक जोडी अपायकारक असतेच असे नाही. परंतु प्रत्येक पारखावी मात्र लागते.

बंगळूरभोवतालच्या खेड्यातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याची कल्पना करावी. रक्तदाबाची गोळी त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळते, मधुमेहाची शहरातील रुग्णालयातून, तर गुडघेदुखीची गावच्या दुकानातून. या तिघांना एकमेकांची चिठ्ठी ठाऊक नसते. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपीनमुळे काहींच्या घोट्यांस सूज येते. ती सूज नवा विकार समजली गेली, तर तिच्यासाठी लघवी वाढविणारे औषध दिले जाते. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवू शकते. मग एनालाप्रिलची भर पडते. अशा रीतीने एका औषधाचा परिणाम हेच दुसऱ्या औषधाचे कारण होते. शेवटची ही तीन औषधे एकत्र आली म्हणजे मूत्रपिंडास इजा होण्याचा संभव वाढतो. उन्हात राबून शरीरातील पाणी घटले असता तर अधिकच.

यावर उपाय म्हणजे सर्व औषधे एकाच जाणकाराच्या नजरेखालून जाणे. भारतात २०१५ च्या औषधव्यवसाय नियमांनी नोंदणीकृत औषधनिर्मात्यावर रोग्यास सल्ला देण्याची जबाबदारी टाकली आहे. कर्नाटक शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘गृह आरोग्य’ योजनेत आरोग्यसेवक रक्तदाब व मधुमेह तपासण्यासाठी घरोघर जातात. त्याच वेळी घरातील औषधेही पाहता येण्याजोगी आहेत.

सल्ला रोग्याच्या भाषेत हवा. बंगळूरच्या परिसरात कन्नडखेरीज तेलुगू, तमिळ व उर्दूही बोलल्या जातात. वेष्टनावरील इंग्रजी अक्षरे अनेकांना वाचता येत नाहीत. ‘समजले का?’ असे विचारल्यास रोगी बहुधा मान डोलावतो. त्याऐवजी कोणती गोळी केव्हा व कशासाठी घ्यावयाची, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे.

रोग्यानेही काढे व चूर्णे धरून सर्व औषधे एका पिशवीत घालून दाखवावयास न्यावीत. मात्र स्वतःच्या मनाने कोणतेही औषध बंद करू नये. काही औषधे एकाएकी सोडणे घातक ठरते. कोणते ठेवावे व कोणते कमी करावे, हे वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.