खानावळ, कॉम्प्युटर आणि नवा तांदूळ

मैत्रिणींनो, रात्री ओटा आवरता आवरता डब्यात कणीक किती उरली, तेल महिनाअखेर पुरेल का, उद्या दूध किती घ्यायचं, हा हिशेब आपण सगळ्याजणी मनातल्या मनात करतोच. त्याला वही लागत नाही की पेन्सिल. पण घरातल्या चार माणसांच्या जागी दीडशे माणसं जेवायला बसणार असतील तर? मग वही लागते. आणि हल्ली सगळे म्हणतात, वहीही पुरत नाही, कॉम्प्युटर हवा. हे कितपत खरं, ते मी गेल्या वर्षी अगदी जवळून पाहिलं. त्यात माझ्या हातून एक चूकही झाली. खरं म्हणजे ती सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

माझ्या नणंदबाईंची चंद्रपुरात खानावळ आहे. यजमान अकाली गेले, पदरात दोन मुलं. बारा डब्यांपासून त्यांनी सुरुवात केली. आज दोन्ही वेळा मिळून तीनशे ताटं वाढली जातात. कोळसा खाणीत कामाला असलेली मुलं, वीज केंद्रातले कंत्राटी कामगार, बदली होऊन आलेले बँकवाले, मूल-गडचिरोलीकडून शिकायला आलेले विद्यार्थी, असे शंभरावर महिन्याचे मेंबर. बाकीचे येणारे-जाणारे. चैत्रात महाकालीची यात्रा भरली की विचारूच नका!

एवढं असून महिन्याच्या शेवटी हाती काही उरत नसे. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "वहिनी, गिऱ्हाईक आहे, हाताला चव आहे, तरी पैसा जाते कुठं? तुम्ही शिकलेल्या, पाहा बरं जरा."

मी बी.ए. झालेली, सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते. दुपार तशी मोकळीच. गेले. पाहते तर किराण्याची वही वेगळी, उधारीची वेगळी, आणि सगळ्यात मोठी वही नणंदबाईंच्या डोक्यात!

तयार कपडा अंगाला बसेना

आम्ही आधी सगळे करतात तेच केलं. मोठ्या शहरातल्या एका दुकानातून हॉटेलचं तयार सॉफ्टवेअर आणलं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "टेबल नंबर?" आमच्याकडे कुठलं टेबल आणि कुठला नंबर! लांबलचक बाकं, जागा मिळेल तिथे बसायचं.

खानावळीचा जीव असतो तो खाड्यात. मेंबर गावाला गेला, जेवला नाही, की त्याचा खाडा. महिन्याच्या पैशांतून ते खाडे वजा करायचे. त्या सॉफ्टवेअरला खाडा ठाऊकच नव्हता. चतुर्थीचा उपास, अर्धं ताट, रविवारी एकच वेळ, यातलंही काही नाही. भामरागडच्या मुलांचं तर फारच अवघड. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो, फोनही लागत नाही. मुलं आठ-आठ दिवस अडकतात आणि परतल्यावर सांगतात. मागच्या तारखेची नोंद ते यंत्र घेईच ना. दोन महिन्यांत त्यावर विणलेला रुमाल पडला. पैसे गेले ते गेलेच.

चहाच्या दुकानातून आलेला कॉम्प्युटर

मी हिरमुसले. पण शिक्षकी पेशा, वाचायची सवय. वाचता वाचता एक गंमत सापडली. कंपनीच्या रोजच्या कामकाजासाठी जगात पहिल्यांदा कॉम्प्युटर चालवला तो कोणी? बँकेने नव्हे, कारखान्याने नव्हे. इंग्लंडमध्ये चहा आणि केक विकणाऱ्या लायन्स नावाच्या कंपनीने! तिची चहाची दुकानं गावोगाव होती. १९५१ च्या नोव्हेंबरात त्यांच्या 'लिओ' नावाच्या यंत्राने बेकरीच्या मालाचा हिशेब सुरू केला. १९५४ पासून दुकानांच्या रोजच्या मागणीचं कामही त्याच्यावर आलं. सोमवारी किती पाव, मंगळवारी किती, अशी प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी आधीच भरलेली असे. दुकान सांभाळणारी बाई दुपारी फोन करून फक्त फरक सांगे: उद्या केक दोन डझन जास्त, पाव कमी. बाकीचं यंत्र करी.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. आपल्या कामाची पद्धत तपासून सुधारण्यासाठी या कंपनीने एक खास विभाग काढला होता, तो १९३१ च्या सुमारास. म्हणजे यंत्र येण्याआधी वीस वर्षं ही मंडळी कागदावरचं काम नीट लावत होती!

लिओसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांत एक बाई होत्या, मेरी कूम्ब्स. शिक्षण फ्रेंच भाषेचं. १९५२ मध्ये त्या लायन्समध्ये आल्या आणि कामगारांच्या पगाराचे प्रोग्राम लिहू लागल्या. व्यवसायासाठी प्रोग्राम लिहिणारी पहिली स्त्री म्हणून आज त्यांचं नाव घेतात. पुढे आजारी मुलीसाठी त्यांनी पूर्णवेळ नोकरी सोडली, काही वर्षं अर्धवेळ काम केलं आणि नंतर प्राथमिक शाळेत शिकवलं. २०२२ मध्ये त्या गेल्या. हे वाचून, खरं सांगते, मला धीर आला.

आधी वही, मग यंत्र

माझा एक जुना विद्यार्थी इंजिनिअरिंगला आहे. सुटीत आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मी करून देतो. पण आधी रोज काय काय होतं ते मला लिहून द्या." मग पंधरा दिवस आम्ही नणंद-भावजय वही घेऊन बसलो. एक किलो कणकेच्या पोळ्या किती, डाळ किती ताटांना पुरते, सकाळी शिल्लक काय, बाजारातून आलं काय, रात्री उरलं काय. मेंबर कोण, पैसे कधी भरले, खाडे किती. उधारी कोणाची.

त्यातच निम्मी गळती सापडली. मेंबर सांगतील तेवढे खाडे बिनबोभाट वजा होत होते. संध्याकाळची भाजी अंदाजाने जास्त होई आणि फेकावी लागे. कॉम्प्युटर अजून यायचाच होता!

मग त्या मुलाने महिनाभरात सॉफ्टवेअर तयार केलं. सगळं मराठीत, मोठमोठी बटणं, नेट नसलं तरी चालणारं. खाड्याला स्वतंत्र पान, मागची तारीखही घेणारं. रोज रात्री सगळ्या नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर. पहिला महिना वही आणि यंत्र दोन्ही चालवायचं ठरलं. डिसेंबरात दोघांचा हिशेब जुळला आणि आम्ही वही बंद केली.

आणि मग तांदूळ कमी पडला

जानेवारीत यंत्र दाखवू लागलं, रोज दोन-सव्वादोन किलो तांदूळ कमी. आठवड्याला सोळा किलो! भाताचं काम मूलकडच्या एका बाईंकडे. सहा वर्षं त्या इथे होत्या. पण मैत्रिणींनो, आकडा समोर दिसला की माणसाची नजर बदलते. मीच नणंदबाईंना म्हटलं, "यंत्र खोटं कशाला बोलेल?" दुसऱ्या दिवशी जाताना त्या बाईंना पिशवी उघडून दाखवायला सांगितलं. पिशवीत जुनं लुगडं आणि औषधाची बाटली. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढचे दोन दिवस आल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, संक्रांतीपासून नवा तांदूळ लावला ना आपण. जुना फुगते, नवा फुगत नाही. पोरं तेवढंच खातेत, तांदूळ जास्त लागते. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मला विचारलं असतं तर! धानाच्या मुलखात राहते मी. नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निरखून निरखून एचएमटी हे वाण शोधलं, हे मी वर्गात मुलांना सांगते. आणि घरात तांदूळ जुना करून का ठेवतात, तेवढं मात्र विसरले. आम्ही दोन्ही तांदूळ शिजवून पाहिले. जुना किलोला बारा ताटं, नवा जेमतेम अकरा. तीनशे ताटांना फरक बरोबर तेवढाच.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला आम्ही अर्धंच सांगितलं होतं. सगळ्यांना विचारून यादी केली, पण चुलीपाशी उभ्या असणाऱ्या बाईलाच विचारलं नाही. मी आणि नणंदबाईंनी त्यांची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या परत आल्या. मुलाची फी भरायची होती, म्हणून आल्या, असं त्यांनीच सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटलं नाही, आणि वाटूही नये. आता सॉफ्टवेअरमध्ये 'नवा तांदूळ, जुना तांदूळ' असा रकाना आहे, आणि तो त्याच भरतात.

तुमच्यासाठी चार गोष्टी

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय याचं? पण आपल्यातल्या कितीजणी डबे देतात, बचत गटात पापड-मसाले करतात! २६ जानेवारी २०२० ला राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा केंद्रावर जेवणाऱ्याचा फोटो मोबाइलवर घ्यावा लागे आणि अनुदानाचा हिशेब त्या नोंदींवर चाले. यंत्र असं कधीही दारात येऊन उभं राहतं. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा:

१. पंधरा दिवस वहीत नीट लिहिल्याशिवाय सॉफ्टवेअरवर पैसा घालू नका.

२. आपल्या कामातले शब्द, खाडा, उधारी, अर्धं ताट, त्यात आहेत का ते आधी पाहा.

३. पहिले काही महिने वही बंद करू नका. आम्ही महिन्यातच केली, आणि ऋतू बदलताच फसलो.

४. आकडा चुकला तर आधी माप तपासा, मग माणूस. आणि माणसाला विचारायचं तर मानाने विचारा.

नणंदबाईंच्या हाती आता महिन्याकाठी चार पैसे उरतात. यंत्रावरचा रुमाल निघाला आहे. पण रात्री कॉम्प्युटर बंद करण्याआधी त्या अजूनही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून विचारतात, "काय वं, आज भात पुरला ना?" उत्तर मिळाल्यावरच बटण दाबतात.