वेळूचे गाव

बेळगाव या नावावरून सीमाभागात जेवढी शाई सांडली, तिच्या शतांशही त्या नावात दडलेल्या वनस्पतीच्या वाट्यास आली नसेल. या गावाचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूच्या बेटांचे गाव. चौथा कार्तवीर्य या रट्ट राजाच्या कारकिर्दीतील १२०४ सालच्या शिलालेखांत हे नाव आहे. त्याचा मंत्री बीचिराज याने किल्ल्यात बांधविलेली कमल बस्ती आजही उभी आहे. शिलालेख मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसले आहेत.

लेख कानडीत, गावाचे नाव संस्कृतात आणि वेळू हा शब्द आपल्या मराठीतला! कानडी शेजारी बांबूला बिदिरू म्हणतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरात 'बेळगावी' आले. पण त्याही रूपाचे मूळ वेणुग्रामाकडेच नेले जाते. भांडणारे दोन्ही पक्ष एकाच बेटाच्या सावलीस उभे आहेत, हे आम्हांस मोठे मौजेचे वाटते.

वेळू पाहावयाचा तर पश्चिमेस खानापूर तालुक्यात, जांबोटीवरून कणकुंबीकडे चढावे. मलप्रभेचा उगम तेथलाच. पावसाळ्यात वेळूचा कोंब भुईतून वर येतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढे तो ना वाढतो, ना जाड होतो, केवळ पक्का होत जातो. कळकाचे बेट कैक दशकांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. शास्त्रदृष्ट्या हे झाड नव्हे, गवत आहे. १९२७ च्या वन कायद्याने मात्र त्याची गणना झाडांत केली होती. वनाबाहेरील बांबूपुरती ती तरतूद २०१७ साली गेली. गवताला गवत म्हणावयास सरकारास नव्वद वर्षे लागली!

आम्हांस खंत आहे ती निराळीच. सूप, टोपली, कणगी, इरले हे शब्द आमच्या वर्गातील मुलांना आता चित्र दाखवून शिकवावे लागतात. बुरुडाच्या हातची टोपली प्लास्टिकने घालविली. संस्कृतात वंश म्हणजे वेळू आणि कूळही. म्हणून लग्नात झालीच्या वेळी वेळूचे वंशपात्र लागते. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी आपल्या घरच्या कार्यात ते कोठून आणले, कोणी विणले, हे अवश्य विचारून पाहावे.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणालगत आम्ही मुलांकडून माणग्याची पाच रोपे लावून घेतली. माणग्यास काटे नसतात, त्यामुळे मुलांच्या हाताला तो बरा. दोन रोपे शेळ्यांनी फस्त केली. तीन जगली आहेत.