डॉ. वि. भि. कोलते आणि महानुभाव ग्रंथांची पाठचिकित्सा

मलकापूर तालुक्यातील नरवेल या गावी १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ च्या भोपाळ येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. तथापि त्यांचे खरे कर्तृत्व महानुभाव ग्रंथांच्या संशोधनात आहे. 'भास्करभट्ट बोरीकर' (१९३५), 'महानुभाव तत्त्वज्ञान' (१९४५) व 'श्रीचक्रधर चरित्र' (१९५२) हे ग्रंथ त्याची साक्ष देतात. त्यांतील काही ग्रंथ मलकापूरच्याच अरुण प्रकाशनाने काढले, ही गोष्ट लहानशी असली तरी नोंदविण्याजोगी आहे.

या संशोधनातील अडचण साधी नव्हती. म्हाइंभटांनी यादवकाळाच्या अखेरीस लीळा संकलित केल्या; परंतु पंथीय परंपरेनुसार चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या सैन्याच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि लीळाचरित्र स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध करावे लागले. म्हणूनच त्याचे एकाहून अधिक पाठ निर्माण झाले. अशा स्थितीत 'मूळ पाठ' या शब्दाचा अर्थ काय घ्यावा? म्हाइंभटांची पोथी हाती येणे शक्य नाही. संपादकाला फार तर तिच्या पुनर्रचनांपर्यंत पोहोचता येते. त्यातच पंथाने ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. तिची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी उलगडली. या लिपीने परक्यांचा हस्तक्षेप रोखला हे खरे. मात्र लेखनिकाच्या कानावर तिचा ताबा चालत नाही. जुने प्रत्यय नकळत नवे होतात. भाषेच्या अभ्यासकाने तेराव्या शतकातील रूप म्हणून एखादे पद उद्धृत करण्यापूर्वी ते कोणत्या पाठातील आहे, हे पाहणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

इतिहासाच्या दृष्टीनेही या ग्रंथाचे मोल मोठे आहे. मेहकर व लोणार येथील श्रीचक्रधरांच्या वास्तव्याच्या लीळांतून तत्कालीन वऱ्हाडातील गावे, देवळे आणि सामान्य माणसांचे बोलणे दिसते; राजकीय ताम्रपटांत ते सहसा सापडत नाही. ताम्रपट व शिलालेखांचे वाचन स्वतः करणाऱ्या कोलत्यांना हा भेद चांगला ठाऊक असणार.

त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले. अभ्यासकांना संपूर्ण ग्रंथ एकत्र मिळाला. पण पंथातील काही अनुयायांनी त्यातील मजकुरास आक्षेप घेतला आणि वाद न्यायालयात गेला. ज्या ग्रंथाला अनुयायी परमेश्वराचे चरित्र मानतात, त्याचे पाठभेद छापणे हेच त्यांना खटकणारे असू शकते. संपादकाला मात्र ते दडवून चालत नाही.