नवा गुडघा आणि बर्फाची पिशवी

घरातल्या कुणाचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं की दोन गोष्टी हमखास घडतात. हॉस्पिटलमधून सोडताना कागदावर ‘बर्फ लावा’ असं लिहून मिळतं. आणि घरी पोचल्यावर कुणीतरी ज्येष्ठ म्हणतं, “बर्फ कसला लावताय? गारठा हाडात शिरेल. चांगला शेक द्या.” तुम्ही न्यू जर्सीत नाहीतर दुबईत, आई पुण्यात, आणि व्हिडिओ कॉलवर निवाडा मात्र तुम्ही करायचा!

मी डॉक्टर नाही. पदार्थातून उष्णता कशी वाहते हा माझ्या संशोधनाचा विषय आहे, त्यामुळे या वादात मला रस आहे. सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट जे सांगतील तेच प्रमाण माना. पण ते तसं का सांगतात, हे कळलं तर घरच्यांना समजावणं सोपं जातं.

थोडक्यात उत्तर असं: बर्फ गुडघा बरा करत नाही. तो थोडा वेळ दुखणं कमी करतो, आणि त्या वेळात व्यायाम उरकून घ्यायचा असतो.

आत काय चाललेलं असतं?

या ऑपरेशनमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं कापून तिथे धातूचे भाग बसवतात आणि मध्ये मजबूत प्लास्टिकची चकती ठेवतात. सांधा नवा असला तरी भोवतालचं हाड, स्नायू आणि त्वचा ही ताजी जखम असते. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो, गुडघा सुजतो आणि गरम लागतो. हा कोमटपणा काही महिने टिकू शकतो. नुसता गुडघा गरम लागला म्हणजे जंतुसंसर्गच झाला, असं नसतं.

गारव्याने दोन गोष्टी होतात. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. आणि मज्जातंतूंमधून जाणारे संदेश मंदावतात. एरवी गुडघ्यावरची त्वचा 30 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती 13-14 अंशांपर्यंत उतरली की वेदना बोथट होते.

तिसरा परिणाम फारसा कुणी सांगत नाही. सांध्यात द्रव साचला की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला आपोआप लगाम घालते. रुग्ण ‘पाय उचलतच नाही’ म्हणतो तेव्हा तो आळस करत नसतो, स्नायूला पुरेसा हुकूमच पोचत नसतो. या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटलेली आढळते. निरोगी स्वयंसेवकांच्या गुडघ्यात मुद्दाम सलाइन भरून प्रयोग केले गेले, तेव्हाही असाच लगाम बसला. गुडघ्यावर बर्फ ठेवल्यावर तो काही काळ सैल पडला. म्हणूनच अनेक फिजिओथेरपिस्ट व्यायाम आणि बर्फ यांची सांगड घालतात.

पुरावा किती भक्कम आहे?

वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये या विषयाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात 22 चाचण्या आणि 1839 रुग्ण होते. गारव्याचा उपचार घेतलेल्यांची वेदना 48 तासांनी, दहापैकी मोजली तर, सुमारे दीड अंकाने कमी होती. घरी जाताना त्यांचा गुडघा सरासरी 8 अंशांनी जास्त वाकत होता. रक्तस्रावही काहीसा कमी होता.

पण हा पुरावा कमी किंवा अतिशय कमी खात्रीचा आहे, असं आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवलं आहे. एक अडचण तर उघड आहे. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन रुग्णाला अंधारात ठेवता येतं. आपल्या गुडघ्यावर बर्फ आहे की नाही, हे मात्र कुणापासूनही लपत नाही!

तुम्ही कदाचित असंही वाचलं असेल की ‘बर्फामुळे जखम भरायला उशीर होतो’. त्याचा उगम असा: अमेरिकेतले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. गेब मर्किन यांनी 1978 मध्ये दुखापतीसाठी ‘आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच’ हे सूत्र रूढ केलं. 2014 मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की दाह हा शरीराच्या दुरुस्तीचा भाग आहे आणि बर्फ व पूर्ण आराम यांमुळे ती दुरुस्ती लांबू शकते. पण तो प्रश्न प्रामुख्याने खेळाडूंच्या स्नायूंच्या दुखापतींचा आहे. इथे पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकवणं, सरळ करणं आणि चालणं झालंच पाहिजे, नाहीतर सांधा आखडतो. दुखतं म्हणून व्यायाम टाळला तर नुकसान मोठं असतं. त्यामुळे थोडा वेळ मिळणाऱ्या आरामालाही किंमत आहे.

फ्रीजरमधली जेलची पिशवी आणि साधा बर्फ

इथे आपला भौतिकशास्त्राचा धडा कामाला येतो. वितळणारा बर्फ 0 अंशांवर अडून राहतो. 1 ग्रॅम बर्फ वितळताना 334 ज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे तेवढंच पाणी 80 अंशांनी तापवायला लागेल तितकी. म्हणून बर्फ-पाण्याची पिशवी बराच वेळ एकसारखी गार राहते, पण 0 च्या खाली जात नाही.

जेलच्या पिशवीचं तसं नाही. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे 18 अंश असतात आणि पिशवी बाहेर काढताना तितकीच गार असते. जेलमध्ये गोठणबिंदू खाली आणणारे पदार्थ असतात, म्हणून ती मऊ राहते. मऊ आहे म्हणजे कमी गार आहे, असं समजू नका. गोठवलेल्या मटारच्या पाकिटालाही हेच लागू पडतं. आणि बर्फात मीठ तर अजिबात घालू नका. पॉटच्या आइस्क्रीमला आपण खडेमीठ घालतो ते तापमान 0 च्या खूप खाली न्यावं म्हणूनच. आइस्क्रीमला ते चालतं, त्वचेला नाही.

सर्वांत सोपा उपाय: रबरी पिशवी निम्मी बर्फाने भरा, थोडं पाणी घाला, हवा दाबून काढा आणि झाकण घट्ट लावा. खाली जुन्या सुती साडीचं एक-दोन पदरी कोरडं कापड घ्या. ओलं कापड गारवा फार वेगाने पोचवतं, कारण पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त असते. शिवाय पट्टी भिजू देणं धोक्याचं. एका वेळी 15 ते 20 मिनिटं पुरे. मध्ये किमान एखाद-दोन तास जाऊ द्या.

पाय उंच ठेवायचा तर उशी टाचेखाली किंवा पोटरीखाली घ्या, गुडघ्याखाली नको. गुडघ्याखालची उशी सुखावते, पण गुडघा तसाच वाकलेला आखडण्याची भीती असते.

आणि ‘आत धातू आहे, तो गारठेल का?’ नाही. सांध्याभोवती फिरणारं रक्त सतत उष्णता पुरवत असतं. वरून लावलेल्या पिशवीने आतला धातू बर्फासारखा होत नाही.

पंपाने गार पाणी फिरवणारी यंत्रं अमेरिकेत भाड्याने किंवा विकत मिळतात. ती सोयीची असतात, पण साध्या बर्फापेक्षा ती सरसकट सरस ठरलेली नाहीत. ती तासन् तास चालू ठेवल्यास त्वचा गोठून इजा होऊ शकते.

खरा धोका: न जाणवणारी त्वचा

या ऑपरेशनच्या छेदामुळे त्वचेची एक छोटी मज्जातंतूशाखा बहुतेकदा कापली जाते. त्यामुळे टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला एक बधिर पट्टा राहतो. पहिल्या एक-दोन दिवसांत भूल देणाऱ्या इंजेक्शनचा असरही असू शकतो. त्यात मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेली असेल, तर ‘बोचतंय, काढा’ असं सांगणारी यंत्रणाच गप्प असते. अशा वेळी घड्याळ लावा आणि दर पाच मिनिटांनी कापड बाजूला करून पाहा.

माहितीपत्रकात ‘त्वचा लाल झाली तर थांबा’ असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. म्हणून दुसऱ्या गुडघ्याशी तुलना करा. त्वचा राखाडी, फिकट किंवा मेणासारखी दिसली, कडक लागली किंवा फोड आले तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, पाऊल वर उचलणारा मज्जातंतू अगदी त्वचेलगत असतो, तिथे पिशवी दाबून बांधू नका. पायांचा रक्तपुरवठा कमी असेल, थंडीने बोटं पांढरी पडत असतील किंवा अंगावर गांधी उठत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि शेक? ताज्या जखमेवर नको. उष्णतेने रक्तप्रवाह आणि सूज वाढते, आणि बधिर त्वचेला चटकाही कळत नाही. जखम पूर्ण भरल्यावर आखडलेपणासाठी डॉक्टर कधी कधी हलका शेक सुचवतात. तेव्हा ज्येष्ठांचंही म्हणणं राहील.

बर्फाने झाकू नयेत अशा काही गोष्टी आहेत: पोटरी दुखणं आणि अचानक सुजणं, धाप लागणं किंवा छातीत दुखणं, ताप, जखमेतून स्राव, पसरत जाणारी लाली. यांतलं काहीही दिसलं तर पिशवी भरत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

पुढच्या कॉलवर आईला नुसतं “बर्फ लावलास का?” असं विचारू नका. मध्ये कापड होतं का, घड्याळ लावलं होतं का, आणि बर्फानंतर गुडघा किती वाकला, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रोज लिहून ठेवा. बर्फ कामी येतोय की नाही, ते त्याच वहीत दिसेल.