हसू आलं की पाय गळतात

१८८० साली जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्ण दारूची पिंपं विकणारा व्यापारी, वय ३८. त्याला जेवताना, बोलताना, कुठेही झोपेचे झटके यायचे, दिवसात अगदी २०० वेळांपर्यंत. पण जेलिनोंनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. हा माणूस मनापासून हसला, किंवा चांगला सौदा जमणार असं दिसलं, की त्याचे पाय लटपटायचे. पत्ते खेळताना चांगली पानं आली की हातच गळायचे. (त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांची चंगळ असणार. हुकमाचा एक्का आला हे या बिचाऱ्याला लपवताच येत नसे!) जेलिनोंनी या आजाराला नाव दिलं नार्कोलेप्सी. ग्रीकमध्ये बधिरपणा आणि झटका या दोन शब्दांपासून ते बनवलं.

कंसातल्यासारखी कोटी कुणालाही सुचते. नार्कोलेप्सीवर विनोद करणं फारच सोपं आहे. सिनेमावाल्यांना तर तो आयता मिळालेला मसाला. २००१ च्या 'रॅट रेस' मध्ये आपल्या सगळ्यांचा लाडका मिस्टर बीन, म्हणजे रोवन ॲटकिन्सन, असाच एक प्रवासी झालाय. ऐन मोक्याच्या क्षणी तो उभ्या उभ्या झोपतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. आपल्याकडे सिनेमाचीही गरज नाही. वर्गात डुलक्या घेणाऱ्याला 'कुंभकर्ण' म्हणायला कुणी शिकवावं लागत नाही, आणि गोव्यातला असेल तर 'सुशेगाद' हे विशेषण तयारच असतं. दुपारची वामकुक्षी आपल्याला इतकी जवळची, की झोप हा आजार असू शकतो हे पटतच नाही.

तर आधी हा आजार काय ते थोडक्यात पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. तिथल्या काही हजार पेशी एक रसायन तयार करतात. १९९८ मध्ये ते दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमारास शोधलं, म्हणून त्याला नावंही दोन, ओरेक्सिन आणि हायपोक्रेटिन. जागेपण टिकवून धरणं हे त्याचं काम. मेंदूत एकंदर अब्जावधी पेशी, त्यांत या जेमतेम ७०,००० च्या आसपास. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात यांतल्या बहुतेक नाहीशा झालेल्या असतात. बहुधा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते.

मग झोप आणि जाग यांच्यातली भिंत भुसभुशीत होते. स्वप्नं पडतात त्या झोपेत, जिला डॉक्टर रेम म्हणतात, आपले स्नायू तात्पुरते बंद केलेले असतात. नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरोखरच पलंगावरून उडी मारली असती. निरोगी माणूस या झोपेत साधारण ९० मिनिटांनी पोचतो, नार्कोलेप्सीवाला काही मिनिटांतच. आणि कधी कधी स्नायू बंद करणारं ते बटण माणूस पूर्ण जागा असतानाच दाबलं जातं. जबडा सैल पडतो, मान झुकते, गुडघे वाकतात, माणूस खाली बसतो किंवा कोसळतो. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत ती जाते. सिनेमात दाखवतात तशी ही झोप नव्हे. माणूस शुद्धीवर असतो, भोवतालचं सगळं ऐकत असतो, फक्त हलू शकत नाही.

ते बटण दाबतं कोण? राग, आश्चर्य यांनीही ते दाबलं जातं. पण सगळ्यात हमखास कारण म्हणजे हसू. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात नार्कोलेप्सी असलेले डॉबरमन कुत्रे पाळले होते. आवडता खाऊ समोर ठेवला की ते आनंदाने धावत यायचे आणि तोंडाशी घास आला की गळून पडायचे. त्यांच्यातला जनुकीय दोष १९९९ मध्ये सापडला, आणि तोही ओरेक्सिनशीच निगडित निघाला. माणसाचं तसंच, फक्त त्याचा खाऊ म्हणजे विनोद. काहींना तर दुसऱ्याच्या विनोदापेक्षा स्वतःचाच नडतो. गोष्ट रंगवून सांगितली, आता शेवटचं हुकमी वाक्य टाकायचं, आणि तेवढ्यात जीभ जड होते. सगळे विचारतात, "अरे, पुढे काय?" आणि पुढचं काही बाहेर येत नाही.

जरा विचार करा, आपली अख्खी मैत्री कशावर उभी असते? कँटीनमधली थट्टा, टिंगल, एकमेकांची खेचणं. ज्याला हसल्यावर पडायची भीती आहे तो काय करेल? तो हळूहळू चेहरा कोरा ठेवायला शिकतो. विनोद सुरू झाला की भिंतीला टेकतो किंवा उठून जातो. लोक म्हणतात, शिष्ट आहे. या आजारात नैराश्याचं प्रमाण जास्त आढळतं. त्याला कारणं बरीच असतील, पण हसणं टाळत जगावं लागणं हे एक असलंच पाहिजे, असं मला वाटतं.

म्हणून या लोकांच्या ऑनलाइन गटांत इतका विनोद का चालतो हे समजून घेण्यासारखं आहे. एक तर आजार विरळा. ढोबळमानाने दर २,००० माणसांत एक. म्हणजे मध्यम आकाराच्या कॉलेजात एखादा, आणि त्यालाही बहुधा आपल्याला काय झालंय ते ठाऊक नाही. आपल्यासारखा दुसरा माणूस गावात भेटायची शक्यता जवळजवळ नाहीच. मोबाइलवर मात्र भेटतो. त्यात आणखी एक गंमत. दिवसभर झोप येणाऱ्या या मंडळींची रात्रीची झोप मात्र तुकड्यातुकड्यांची असते. पहाटे तीनला टक्क जाग येते, अख्खं घर घोरत असतं, आणि त्या वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जागं असतंच. शिवाय लेखी विनोद पलंगावर आडवं पडून वाचता येतो. हसू आलं, अंग गळलं, तर पडणार कुठे? उशीवरच!

तिथला विनोद असतो कशावर? लेक्चरच्या वहीवर, जिच्यात पहिल्या चार ओळी सुवाच्य आणि पाचवी ओळ उतारावरून घसरत समासाबाहेर गेलेली असते. झोपेत हात काम करत राहतात त्याच्यावर, म्हणजे चाव्या फ्रिजमध्ये आणि दूध कपाटात. आणि सगळ्यांचं आवडतं लक्ष्य म्हणजे "मलापण दुपारी जेवल्यावर झोप येते गं" हे वाक्य. ते प्रत्येकाने इतक्या वेळा ऐकलेलं असतं की नुसतं उच्चारलं तरी पुरतं. गोष्ट तीच, पडणं तेच, 'रॅट रेस' मधलंच. पण इथे सांगणारा पडलेला असतो आणि ऐकणाराही. त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

काहींनी हे उघडपणेही केलं. अमेरिकन टीव्हीवरचा विनोदवीर जिमी किमेल आपल्याला नार्कोलेप्सी असल्याचं जाहीरपणे सांगतो. ज्युली फ्लायगेअर या लेखिकेने निदान झाल्यावर २०१० मध्ये बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली आणि पुढे रुग्णांसाठी संस्था काढली. २०१९ पासून २२ सप्टेंबर हा जागतिक नार्कोलेप्सी दिवस म्हणून पाळला जातो.

गटांचे तोटेही आहेत. कुणी गोळीचा डोस सांगतं, कुणी गोळी बंद करायला सांगतं. इथे आपल्या वाचकांना एक स्पष्ट सांगायला हवं. या आजारात मोडाफिनिल नावाची जागं ठेवणारी गोळी देतात. परीक्षेच्या दिवसांत 'रात्रभर अभ्यास होतो' म्हणून ती हातोहात फिरते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका, देऊही नका. निदानसुद्धा गटात होत नाही. त्यासाठी एक रात्र झोपेच्या प्रयोगशाळेत काढावी लागते. दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी चार-पाच वेळा झोपायला सांगतात आणि किती मिनिटांत झोप लागते, स्वप्नांची झोप किती लवकर येते, ते यंत्रावर मोजतात.

हे कॉलेजच्या अंकात लिहायचं कारण साधं आहे. नार्कोलेप्सी बहुतेक वेळा दहा ते पंचविशीच्या दरम्यान सुरू होते, आणि निदान व्हायला पुष्कळदा आठ-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. ती सगळी वर्षं माणूस आळशी, कामचुकार, नाटकी ठरतो. रात्री पुरेसं झोपूनही कुणी रोज वर्गात, बसमध्ये, बोलता बोलता झोपत असेल, आणि हसताना त्याची मान किंवा गुडघे ढिले पडत असतील, तर त्याला झोपविकारांच्या किंवा मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. तोवर त्याला स्कूटर चालवू देऊ नका.

आणि एखादी मैत्रीण तुमच्या विनोदावर हसता हसता अशी खाली बसलीच, तर धावाधाव नको. कांदा हुंगवू नका, नाकाशी चप्पल धरू नका, तोंडावर पाणी मारू नका. डोकं कशावर आपटणार नाही एवढं बघा आणि शेजारी बसा. तिला सगळं ऐकू येतंय, तेव्हा तिच्याबद्दल तिऱ्हाईतासारखं बोलू नका. मिनिटभरात ती सावरेल. विनोद अर्धा राहिला असेल, तर ती नीट बसल्यावर पुरा करा.