जीवरसायनशास्त्राची पदवी : जमा आणि नावे

दुकानाची खतावणी लिहिताना आपण पैपैचा मेळ घालतो. परंतु मुलांच्या शिक्षणासाठी काढावयाच्या कर्जाचा हिशेब क्वचितच कागदावर मांडतो. बारावीचा निकाल लागतो, मुलगा अथवा मुलगी जीवरसायनशास्त्र शिकण्याची इच्छा बोलून दाखविते, आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, विद्येला पैसा कमी पडू देऊ नये. दुसरा विचारतो, हे कर्ज फेडणार कोण? दोघेही मायेपोटीच बोलत असतात. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा प्रश्न जमा-नावे पद्धतीने बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ही विद्या हलकी नव्हे. रक्तातील साखर, धान्यातील प्रथिने, औषधाचा शरीरावर होणारा परिणाम, हे सारे तिचे क्षेत्र. इंदूर येथे जन्मलेल्या कमला सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, या शास्त्रात १९३९ साली केंब्रिजच्या डॉक्टरेटपर्यंत पोहोचल्या. मात्र त्या परदेशी गेल्या त्या शिष्यवृत्तीच्या बळावर, हे ध्यानात ठेवावे.

आता नावेची बाजू पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा व सौसर मिळून निराळा जिल्हा झाला, तरी उच्च शिक्षणासाठी आपली पावले नागपूरकडेच वळतात. तेथील विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर विभाग आहे. परंतु महाराष्ट्र शासनाच्या शुल्कसवलती बहुधा त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. आपल्या मुलांना शुल्काबरोबर खोली व भोजन यांचाही भार उचलावा लागतो.

समजा, बी.एस्सी.च्या तीन वर्षांसाठी दरवर्षी एक लाख, असे तीन लाखांचे कर्ज द.सा.द.शे. १० दराने काढले. शिक्षणकाळ आणि त्यापुढे सर्वसाधारणपणे एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. पण व्याज काही झोपत नाही. सरळ व्याज धरले तरी चौथ्या वर्षाअखेर ९०,००० रुपये चढतात. ही ३,९०,००० रुपयांची रक्कम सात वर्षांत फेडावयाची तर मासिक हप्ता सुमारे ६,४७५ रुपये होतो आणि एकूण भरणा ५,४४,००० रुपयांच्या घरात जातो.

जमेच्या बाजूस काय? केवळ बी.एस्सी.वर एखाद्या तपासणी-प्रयोगशाळेत मासिक १८,००० रुपये मिळाले असे धरू. त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम हप्त्यातच जाते. याउलट एम.एस्सी. होऊन जो सी.एस.आय.आर.-यू.जी.सी.च्या नेट परीक्षेत संशोधनवृत्ती मिळवितो, त्यास २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. हे यश थोड्यांच्याच वाट्यास येते; तरीही या विषयाचे खरे फळ पदव्युत्तर शिक्षणानंतरच हाती लागते, हे निश्चित.

येथेच खरी मेख आहे. आपल्या भागातील बागाईतदारास हे सांगावयास नको. संत्र्याचे कलम लावले की पाचव्या वर्षाच्या सुमारास ते फळावर येते. चौथ्या वर्षी ज्याचे पाणी तोडले, त्याचा मागचा सर्व खर्च मातीत जातो. वरील कर्जाचा हप्ता सुरू होतो पाचव्या वर्षी, आणि त्याच वर्षी एम.एस्सी.चे शेवटचे वर्ष चालू असते. हप्त्याच्या धास्तीने हुशार मूल शिक्षण सोडून मिळेल ती नोकरी धरते. कर्ज बुडत नाही, पण विद्या अर्धवट राहते. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच घडते. एकदा सुटलेले त्यांचे शिक्षण पुन्हा सहसा सुरू होत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. बी.एस्सी. शक्यतो घरच्या पैशाने आणि घराजवळ करावी. कर्जाची ऐपत एम.एस्सी.साठी राखावी. तरीही कर्ज काढावेच लागले, तर पुढील शिक्षणकाळात हप्ता लांबविता येईल काय, हे बँकेकडून आधीच लेखी घ्यावे. शिक्षण चालू असतानाच व्याज भरीत राहिल्यास वरील हप्ता सुमारे ४,९८० रुपयांवर येतो. प्राप्तिकराची जुनी पद्धत ज्यांनी स्वीकारली आहे, त्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. २०१४ साली जैन समाजास राष्ट्रीय अल्पसंख्याकाचा दर्जा मिळाला असल्याने पात्र कुटुंबांनी अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या कर्जयोजनेचीही चौकशी करावी. मात्र या पदवीपायी दुकान अथवा घर तारण ठेवण्याची वेळ आली, तर तेथेच थांबावे.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. संग्रहाची मर्यादा मोह होण्यापूर्वी ठरवावयाची असते. ऋणाचेही तसेच आहे. त्याचे परिमाण प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी ठरावे, नंतर नव्हे. आणि ज्ञानदानास आपल्या धर्मात थोर स्थान असल्याने, ज्या घरचे मूल एम.एस्सी.च्या उंबरठ्यावर हप्त्यासाठी अडले असेल, तेथे त्या एका वर्षापुरता बिनव्याजी हात देणे आपणां व्यापाऱ्यांस अशक्य नाही. पीक उभे असताना आपण बागाईतदारास उचल देतोच. तोच विश्वास आपल्या लेकरांवर टाकावा, एवढीच विनंती.